जीन घडताना : तंग कुठून ओढतो?

या आठवड्यात रिकिबीच्या पट्ट्यांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण साखरखेर्ड्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. ते विचारतात, "१७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई आमच्या गावाजवळ झाली. स्वार धावत्या घोड्यावरून तलवारी चालवत होते, तरी खोगिरावर टिकून होते. परवा आमच्या भाच्याच्या वरातीत घोडी जागची हलली नव्हती, तरी नवरदेव पाय टाकतो न टाकतो तोच खोगीर फिरलं. असं का?"

तंग, म्हणजे खोगीर आवळणारा छातीखालचा पट्टा, ढिला होता, असं कोणीही म्हणेल. तो असेलही. पण गच्च आवळलेला तंगसुद्धा चुकीच्या जागेवरून ओढत असेल तर काही मैलांत ढिला पडतो. सगळा खेळ जागेचा आहे.

तंग कुठे बसणार, हे घोड्याचं शरीर ठरवतं. पुढच्या पायाच्या कोपरामागे साधारण चार बोटांवर छातीचा घेर आवळ असतो. तुम्ही कुठेही बांधा, घोडा चालू लागला की तंग सरकत तिथेच येतो. ज्या कडीला तो बांधलेला आहे ती बरोबर त्या जागेच्या वर असेल तर ओढ सरळ खाली जाते. कडी पुढे असेल तर जीन मागे ओढलं जातं. मागे असेल तर पुढे, थेट खांद्यावर. मग खांदा घासतो, जखम होते आणि दोष घोड्याच्या चालीला दिला जातो.

आता वरातीची घोडी. ती बहुधा खाऊनपिऊन गुबगुबीत, पाठ गोल. खोगीर म्हणजे भरलेली गादी, आत लाकडी सांगाडा नाही, त्यामुळे पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना धरून बसेल असं काही नाही. नवरदेव एका बाजूने सगळं वजन रिकिबीत टाकतो आणि गादी त्या गोल पाठीवर फिरते. लढाईतल्या स्वाराचा घोडा रोजच्या चालीने घट्ट अंगाचा झालेला असायचा. शिलेदाराचा तर घोडा स्वतःच्या मालकीचा, म्हणून साज त्याच घोड्याच्या अंगाने बसलेला. शिवाय तंगाच्या जोडीला छातीवरून पेशबंद आणि शेपटीखालून दुमची. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात त्यांची गरज लगेच कळते. बुलढाण्याहून राजूर घाटाने मोताळ्याकडे उतरा, खोगीर मानेवर येऊ पाहतं आणि दुमची त्याला धरते. तोच घाट चढताना ते मागे सरकतं, तेव्हा पेशबंद कामाला येतो. बालाघाट (घाटावरचा मुलूख) आणि पायनघाट (घाटाखालचा) असा दोन्हीकडे वावर असणाऱ्या घोडदळाला दोन्ही पट्टे लागणारच.

अमेरिकी गुराख्यांच्या जिनात हाच प्रश्न कडीची जागा मोजूनमापून सोडवला आहे, आणि ते मला त्या कलेतलं सर्वांत देखणं डोकं वाटतं. कडी जिनाच्या पुढच्या उंच भागाच्या बरोबर खाली असेल तर ती 'फुल'. पुढचा आणि मागचा उंचवटा यांच्या मधोमध असेल तर 'सेंटर फायर'. त्यांच्या दरम्यान सात-अष्टमांश, तीन-चतुर्थांश आणि पाच-अष्टमांश अशा जागा. टेक्सासचे गुराखी दोर जिनाच्या शिंगाला, म्हणजे पुढच्या उंचवट्यावरच्या खुंटीला, पक्का बांधत. धावतं जनावर दोराच्या टोकाला पोचलं की झटका बसून जिनाची मागची बाजू उचलली जाई, म्हणून त्यांनी मागे दुसरा तंग घेतला. कॅलिफोर्नियाचे गुराखी दोर शिंगाला नुसता वेढत आणि गरजेप्रमाणे सोडत. झटका कमी, म्हणून त्यांना एकच मधला तंग पुरला. दोन तंग असतील तर खालून लहान पट्टीने एकमेकांना जोडावेतच. नाहीतर मागचा सरकून घोड्याच्या मांडीपुढच्या मऊ भागाला लागतो आणि घोडा उसळतो.

आपल्याकडे गुरांना दोर टाकायचा नाही. माझ्या मते आपल्या हलक्या बांध्याच्या घोड्यांना सात-अष्टमांश किंवा तीन-चतुर्थांश जागेवरचा एक तंग पुरे. कोणती, ते घोड्यावर सांगाडा ठेवून, कोपरामागची जागा बघूनच ठरवावं. कडी मात्र कच्चं कातडं चढवलेल्या लाकडी सांगाड्यालाच जोडावी. हल्ली ती जिनाच्या खालच्या कातडी पदरात बसवतात. मांडीखाली जाडी कमी होते हे खरं, पण मग सगळी ओढ शिलाईवर येते, आणि शिलाई सुटली तर ती स्वार वर असतानाच सुटते. मला ते पटत नाही. कडी सांगाड्याला धरणाऱ्या जोडपट्टीचं कातडं जनावराच्या पाठीकडचं, दुहेरी घ्यावं. पोटाकडचं ताणतं, आणि एक बाजू बोटभर ताणली की जीन कायमचं वाकडं. कडी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची. साध्या लोखंडाला घामाने गंज चढतो आणि गंजाभोवतीचं कातडं आतून कुजतं, वरून दिसतही नाही. शेवटी शिंगाच्या मध्यापासून दोन्ही कड्यांपर्यंत टेपने मोजा. दोन्ही मापं सारखी आली नाहीत तर पट्टी उसवून परत करा.

रिकिबीचे पट्टे पुढच्या आठवड्यात. तोवर लग्नघरांना एक विनंती : घोडीचा तंग एकदा आवळून थांबू नका. आवळताना घोडी अंग फुगवते. तिला दहा-वीस पावलं चालवा, पुन्हा आवळा, आणि नवरदेव चढत असताना एका माणसाला पलीकडची रिकीब खाली दाबून धरायला सांगा.