फॉक्सकॅचरचा आखाडा

१९९६ सालच्या जानेवारी महिन्याच्या २६ तारखेस, भर दुपारीं, अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील न्यूटाउन स्क्वेअर येथें, फॉक्सकॅचर नांवाच्या विस्तीर्ण इस्टेटीवर, डेव्ह शुल्ट्झ हा मल्ल आपल्या बिऱ्हाडासमोर मोटारीची कांहीं खटपट करीत होता. इस्टेटीचा धनी जॉन ड्यूपाँ गाडी घेऊन आला, आणि गाडींतूनच त्यानें रिव्हॉल्व्हरच्या तीन गोळ्या झाडल्या. आवाज ऐकून शुल्ट्झची पत्नी दाराशीं धांवली, तों शेवटची गोळी तिच्या डोळ्यांदेखत सुटली. दोन लहान मुलांचा हा बाप छत्तिसाव्या वर्षीं गतप्राण झाला.

खून कोणीं केला याविषयीं क्षणभरही शंका नव्हती. पण या मृत्यूची जबाबदारी कोणाकोणाची, हा प्रश्न मात्र इतका सोपा नाहीं, आणि ज्या घरांत दहा माणसें एकत्र नांदतात त्या घरानें तर तो अवश्य विचारांत घ्यावा.

ड्यूपाँ हा रासायनिक द्रव्यांच्या धंद्यावर गडगंज झालेल्या प्रसिद्ध घराण्यांतला. त्या वेळीं त्याचें वय ५७ होतें. पक्षी आणि शिंपले यांचा त्याचा व्यासंग एवढा कीं, डेलावेअरमधील निसर्गेतिहासाचें संग्रहालय त्याच्याच पुढाकारानें उभें राहिलें. परंतु ऑलिंपिक सामन्यांत आपण उतरावें ही तारुण्यांतील हौस कांहीं फळास आली नाहीं. ती त्यानें पुढें पैशानें पुरवून घेतली असेंच म्हणावें लागतें. सुमारें ८०० एकरांच्या त्या इस्टेटीवर त्यानें मल्लांसाठीं अद्ययावत तालीम बांधली, कित्येकांना राहावयास घरें दिलीं, वेतन दिलें, आणि राष्ट्रीय कुस्तिसंघासही सढळ हातानें देणग्या दिल्या.

अमेरिकेंत महाविद्यालयीन कुस्तीस मोठा मान आहे. परंतु पदवी पदरांत पडली कीं मल्ल निराधार होतो. डेव्ह आणि त्याचा धाकटा भाऊ मार्क या दोघांनींही १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें सुवर्णपदकें मिळविलीं; पण सुवर्णपदकानें घरभाडें भागत नाहीं! आपल्याकडेही संस्थानिकांच्या खुराकावर मल्ल पोसले जात. पण त्या आश्रयास निदान वस्तादाचा धाक आणि गांवाचा डोळा असे. फॉक्सकॅचर ही एका माणसाची खाजगी दौलत होती. तेथें धन्याची मर्जी हाच कायदा.

आणि त्या धन्याची बुद्धि फिरत चालली होती. १९८८ सालीं त्याची आई वारली, आणि पुढील कांहीं वर्षांत त्याचें वागणें अधिकाधिक विचित्र होत गेलें. भिंतींत शत्रु लपले आहेत, आपणांवर पाळत ठेवली जात आहे, असें त्यास वाटे. आपण दलाई लामा आहों असेंही तो सांगूं लागला. काळ्या रंगाचें त्यास भय वाटूं लागलें, व १९९५ सालीं त्यानें कृष्णवर्णीय मल्लांना इस्टेटीबाहेर काढलें. त्याच वर्षीं एका मल्लावर त्यानें बंदूक रोखली. हें सर्व गुपचूप चाललें होतें असें नाहीं. मल्लांनीं तें पाहिलें होतें, नोकरांनीं पाहिलें होतें, आप्तांच्या कानांवर गेलें होतें. गांवचे पोलीसही त्याच्या आवारांत नेमबाजीचा सराव करीत. प्रत्येकास वाटे, धनिक माणूस आहे, लहरी असावयाचाच. गरिबाच्या घरीं ज्यास वेड म्हणतात त्यास श्रीमंताच्या घरीं लहर म्हणण्याची रीत सर्व देशांत सारखीच दिसते.

शुल्ट्झ मात्र अखेरपर्यंत त्याच्याशीं ममतेनें वागत असे. अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांपर्यंत तेथेंच राहावें असा त्याचा बेत होता, आणि ते सामने अवघ्या सहा महिन्यांवर आले होते.

खुनानंतर ड्यूपाँ वाड्यांत शिरून बसला. पोलिसांनीं दोन दिवस वेढा दिला, घर ऊबदार राखणारा बंब बंद केला, आणि तो दुरुस्त करण्यास बाहेर येतांच त्यास धरलें. न्यायालयानें प्रथम त्यास खटल्यास तोंड देण्यास असमर्थ ठरविलें. इस्पितळांत औषधोपचार होऊन कांहीं महिन्यांनीं तो समर्थ ठरला. ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. जें औषध खुनानंतर लागू पडलें, तें खुनापूर्वीं देण्यास कोणीच पुढें आलें नव्हतें.

त्याचा रोग छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा होता. बचावाचें म्हणणें असें कीं, त्यास कृत्याचें भान नव्हतें. इंग्लंडांत १८४३ सालीं मॅकनॉटनच्या खटल्यानंतर ठरलेली कसोटी अशी कीं, कृत्याचें स्वरूप किंवा त्याचा वाईटपणा मनोविकारामुळें आरोपीस कळत नसेल तरच तो निर्दोष. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेचें ८४ वें कलम, व २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेचें २२ वें कलम, याच वळणाचें आहे. फेब्रुवारी १९९७ मध्यें ज्यूरीनें मधला मार्ग धरला: ड्यूपाँ अपराधी, परंतु मनोरुग्ण. शिक्षा १३ ते ३० वर्षांची झाली. आमच्या मतें निर्णय योग्यच होता. मात्र ज्यूरीपुढें आरोपी एकच होता, आणि पाहून गप्प बसलेल्यांचा हिशेब कोणत्याच न्यायालयापुढें आला नाहीं.

येथें एक गैरसमज होऊं देतां कामा नये. मनोरुग्णांपैकीं बहुतेक कोणासही इजा करीत नाहींत. उलट त्यांनाच इजा होण्याचा संभव अधिक. म्हणून घरांतील एखादा मुलगा अबोल झाला, संशयी झाला, झोपेनासा झाला, तर त्याचें भय न धरतां त्यास वैद्यापुढें न्यावें. लोक काय म्हणतील या धास्तीनें वर्षें दवडणारीं सुशिक्षित घरें आपल्यांत थोडीं नाहींत. आणि त्याच्या हाताशीं शस्त्र असेल, तर तें आधीं दूर करावें.

शुल्ट्झच्या पत्नीनें पतीच्या नांवानें कुस्तीची संस्था काढली. त्याच्या हाताखालीं तयार झालेला कर्ट अँगल याने त्याच उन्हाळ्यांत अटलांटास सुवर्णपदक मिळविलें. फॉक्सकॅचरच्याच आखाड्यांतील बल्गेरियन मल्ल व्हालेंटिन योर्डानोव यासही तेथें सुवर्णपदक मिळालें; तो मात्र ड्यूपाँस अखेरपर्यंत सोडून गेला नाहीं. ड्यूपाँ ९ डिसेंबर २०१० रोजीं तुरुंगांत वारला. मृत्युपत्रान्वयें दौलतीचा मोठा हिस्सा योर्डानोवच्या कुटुंबास मिळावयाचा होता, आणि प्रेतास फॉक्सकॅचरचा कुस्तीचा पोशाख घालून पुरावयाचें होतें.