संकष्टी, सैंधव आणि थायरॉईडची गोळी

इगतपुरी तालुक्यातली घोटी ही भाताची पेठ. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या या गावात भाताच्या गिरण्या आहेत, आणि आजूबाजूच्या डोंगरउतारांवरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई पिकते. वर्षभर भातावर जगणाऱ्या या पट्ट्यात श्रावण लागला की भात मागे पडतो आणि वरईची भगर, साबुदाणा, राजगिरा, सैंधव यांना मागणी येते. सोमवारी त्र्यंबकेश्वरची वाट, महाशिवरात्रीला सर्वतीर्थ टाकेद, नवरात्रात घाटनदेवी नाहीतर थेट कळसूबाईचा चढ. यातले बरेचसे उपाशीपोटी, निदान तसे म्हणून, पार पडते. एकभुक्त, नक्त, धरण-पारण, निर्जळी अशा उपाशी राहण्याच्या तऱ्हा इथे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात सोळा तास उपास आणि आठ तास खाणे हा नवा प्रकार मोबाईलवरून आला. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेला दोन वेळा जेवणाचा मार्ग आहेच. त्यावर ऋजुता दिवेकरांचे थोडे थोडे, वारंवार खाण्याचे म्हणणे उभे राहिले आणि मराठी घरांत चांगलीच जुंपली. या वादात एका माणसाचा प्रश्न मात्र बाजूला पडतो. सकाळी उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईने यातले काय करावे? 'बाईने' म्हणायचे, कारण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो. देशातल्या आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ साली जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी मंद असल्याचे दिसले. म्हणजे प्रश्न चार-दोन जणींचा नाही. माझे उत्तर सरळ आहे. उपासाने थायरॉईड बरा होत नाही, आणि बेताच्या उपासाने तो सहसा बिघडतही नाही. बिघाड होतो तो उपासाच्या निमित्ताने गोळी, मीठ आणि ताट या तीन ठिकाणी जी ढिलाई येते तिच्यामुळे.

उपासाविरुद्ध बोलणाऱ्यांच्या हाती एक खरे हत्यार आहे, ते आधी पाहू. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक बनवते. शरीर गरजेप्रमाणे त्याचे टी-३ करून वापरते. शरीराचा चयापचय चालतो तो या टी-३ वर. माणूस पूर्ण उपाशी राहिला की हे रूपांतर मंदावते, टी-३ उतरते आणि टी-४ चा काही भाग निष्क्रिय रूपात वळवला जातो. १९७०च्या दशकातल्या प्रयोगांतून हे नीट सिद्ध झाले आहे. अन्न मिळेनासे झाले की शरीर काटकसरीवर येते, त्याचाच हा भाग. यावरून 'थायरॉईडवाल्यांनी उपास म्हणजे विष' असा निष्कर्ष काढला जातो. पण ते प्रयोग दिवसच्या दिवस अन्नाचा कण न घेणाऱ्यांवरचे होते. रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ताटावर बसणे ही वेगळी गोष्ट. त्यातली निम्मी वेळ तर झोपेतच जाते. वेळ आखून खाण्याचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत थायरॉईडच्या संप्रेरकांवर मोठा वाईट परिणाम दिसलेला नाही. अर्थात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्यांना हा दिलासा लागू नाही. त्यांच्या बाबतीत जुने प्रयोग आजही खरे आहेत.

आता दुसऱ्या बाजूचा दावा. 'सोळा तासांचा उपास केला, वजन उतरले, थायरॉईडही नॉर्मल आला' असे सांगणारे भेटतात आणि ते खोटे बोलत असतात असेही नाही. लठ्ठपणामुळे टीएसएच, म्हणजे ग्रंथी मंद झाली की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा, थोडा वर सरकतो आणि वजन कमी झाले की तो आपोआप खाली येतो. ज्यांचा आकडा मुळात काठावर होता, त्यांचा रिपोर्ट त्यामुळे सुधारू शकतो. श्रेय मात्र वजन उतरण्याला द्यावे लागते, घड्याळाला नव्हे. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर चाललेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने कमी उष्मांक फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत घेतले, दुसऱ्याने तेवढेच उष्मांक दिवसभरात कधीही घेतले. पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ज्यांची ग्रंथी हाशिमोटो आजाराने, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने, निकामी होत चालली आहे, त्यांची ग्रंथी उपासाने पुन्हा कामाला लागते याला भरवशाचा पुरावा नाही. शिवाय मंद थायरॉईडमुळे वाढणारे वजन साधारण दोन ते साडेचार किलो असते आणि त्यातही बराच भाग मीठ-पाण्याचा. गोळी जुळून आल्यावरही अंगावर वीस किलो जादा असतील, तर त्यांचा दोष एकट्या थायरॉईडवर टाकता येत नाही. हे कुणाला ऐकायला आवडत नाही, पण असे आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोळीची. 'आज उपास आहे, गोळी चालेल का?' हा प्रश्न दवाखान्यांत नेहमी विचारला जातो, आणि विचारला तर बरेच, कारण न विचारता गोळी सोडणाऱ्याही कमी नाहीत. महिन्याला दोन एकादश्या, एक संकष्टी आणि चार सोमवार धरले तर सात दिवस होतात. या सातही दिवशी गोळी राहिली तर महिन्याच्या औषधाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. मग तपासणीत टीएसएच वाढलेला येतो, डॉक्टर गोळीची पॉवर वाढवतात आणि पुढच्या महिन्यात उपास नसले की तीच गोळी जड होते, छाती धडधडते. या गोळीतले औषध शरीरात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे हरतालिकेच्या निर्जळी दिवशी एखादी गोळी राहिली म्हणून काही कोसळत नाही. सवय झाली की मात्र कोसळते. खरे पाहता ही गोळी आणि उपास यांचे छान जमायला हवे. तिला रिकामे पोटच लागते. साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास काही घेऊ नये, एवढीच तिची अट. घोटाळा होतो तो चहाने. उपासाला चहा चालतो म्हणून गोळीच्या मागोमाग दुधाचा चहा जातो, आणि चहा, कॉफी, दूध या सगळ्यांनी गोळी अंगी लागण्यात अडथळा येतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून तर तिला चार तास लांब ठेवावे लागते. सकाळ धावपळीची असेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी, घेतलेली गोळीही चालते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात रात्रीची गोळी सकाळच्या गोळीपेक्षा कांकणभर सरसच ठरली होती. फक्त संकष्टीला चंद्रोदय उशिरा, मग मोदकांसह जेवण, आणि लगेच झोप अशा रात्री ते गणित बसत नाही. त्या व्रतवाल्यांनी पहाटच धरावी. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या रुग्णांवर जे अभ्यास झाले, त्यांतही महिन्याअखेर टीएसएच थोडा चढलेला आढळतो. त्याचे एक मोठे कारण गोळी आणि जेवण यांच्यातले अंतर कमी पडणे हे आहे.

मिठाचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण तिथे श्रद्धा आणि फॅशन एकत्र आल्या आहेत. उपासाला सैंधव वापरायची रीत जुनी आहे आणि तिने काही बिघडत नाही. निरोगी ग्रंथीत संप्रेरक बनवायला लागणाऱ्या आयोडीनचा कित्येक आठवड्यांचा साठा असतो, महिन्यातल्या सात दिवसांनी तो संपत नाही. पण अलीकडे 'नैसर्गिक' म्हणून, 'खनिजे जास्त' म्हणून, आणि कहर म्हणजे 'थायरॉईडला चांगले' म्हणून सैंधव रोजच्या डब्यात शिरले आहे. सैंधवात मुद्दाम मिसळलेले आयोडीन सहसा नसते, आणि त्यातली बाकीची खनिजे इतकी अत्यल्प असतात की त्यांच्यासाठी ते खाणे व्यर्थ आहे. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला सुमारे २५०. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात कायद्याने ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. जमिनीतले आयोडीन पावसाने धुऊन जाते, आणि इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा भागात घरच्या पिकावर आयोडीनचा भरवसा ठेवता येत नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांना आयोडीनयुक्त आणि एका भागाला साधे मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण कसे उतरते ते दाखवले. १९६२ साली त्याच पायावर राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. २००० साली साध्या मिठावरची बंदी केंद्राने उठवली आणि २००६ साली परत घातली. इतकी ओढाताण ज्या चिमूटभर गोष्टीसाठी झाली, ती आपण जाहिरात पाहून स्वयंपाकघरातून हाकलतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. जिची गोळी पूर्ण डोसची आहे, तिला तयार संप्रेरकच मिळते, मग तिला मिठातल्या आयोडीनचे काय? तिला खरोखरच फारसे काही नाही. हाशिमोटो असलेल्यांना तर जादा आयोडीनचे टॉनिक त्रासाचेच ठरू शकते. पण घरातली मिठाची बरणी एकच असते. सासूच्या थायरॉईडसाठी आणलेले सैंधव गरोदर सुनेच्या आमटीत पडते आणि शाळकरी नातवाच्या वरणातही. पोटातले बाळ पहिले तीन महिने बहुतांशी आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते, त्याच्या मेंदूची घडण त्यावर ठरते. म्हणजे ज्या एका माणसाला आयोडीनची गरज सर्वांत कमी, त्याच्या नावाने घरातल्या सगळ्यांचे आयोडीन बंद होते. जाता जाता एक गोष्ट. घोटीच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, आणि ओलीने आयोडीन कमी होत जाते. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि खिडकीपासून दूर ठेवावे.

तिसरी ढिलाई ताटातली. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. एका माणसाच्या खिचडीला ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि चमचाभर तूप धरले तरी पाचशेच्या आसपास उष्मांक होतात. त्यात साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिने नावाला. मग बटाट्याचा कीस, तळलेले पापड, रताळ्याच्या गोड चकत्या. मंद थायरॉईडमध्ये बद्धकोष्ठ आणि कोलेस्टेरॉल या दोन तक्रारी आधीच असतात, त्यांत ही भर. उपास करायचाच असेल तर भगर, दही, राजगिरा, ताक, काकडी, फळ असे ताट साबुदाण्यापेक्षा कितीतरी बरे. आणि वरई तर आपल्याच तालुक्यातली. कोबी-फ्लॉवर सोडण्याचा जो सल्ला हमखास मिळतो त्याचा उगम १९२८ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात सापडतो, जिथे मुख्यतः कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाला. माणूस ससा नाही. तो कोबी शिजवून खातो आणि आठवड्यातून एक-दोनदाच. आयोडीन पुरेसे असेल तर अशा भाजीने काही होत नाही. बाजरीबद्दलची भीतीही तशीच. सुदानच्या दारफूरमध्ये बाजरी आणि गलगंड यांचा संबंध दिसला, पण तिथे जेवण जवळजवळ सगळे बाजरीचेच आणि आयोडीनही अपुरे. गव्हातले ग्लुटेन सोडण्याचा उपयोग ज्यांना सिलिअ‍ॅक आजार आहे त्यांनाच आहे.

'आमच्या आज्या वर्षभर उपास करायच्या, त्यांना कुठे थायरॉईड होता?' असे विचारणाऱ्याला उत्तर द्यायला हवे. त्यांच्या काळी टीएसएचची तपासणी गावात नव्हती. गळ्याला आलेली गाठ दिसत होती, पण थकवा, सुजलेला चेहरा, गळणारे केस, थंडी सहन न होणे याला 'वय झाले' म्हणत होते. त्यांना आजार नव्हता असे म्हणता येत नाही, तो कुणी मोजला नव्हता. त्यांचा उपास मात्र बहुधा खरा होता, कारण दिवसभर शेतात राबून संध्याकाळी भगर-आमटी खाणे आणि खुर्चीत बसून तीनदा फराळ करणे यांत अंतर आहे.

ज्यांची थायरॉईड ग्रंथी जास्त काम करते, वजन झपाट्याने उतरते, हात थरथरतात, त्यांनी आजार आटोक्यात येईपर्यंत उपासाच्या फंदात पडू नये. त्यांचे शरीर आधीच स्वतःला जाळत असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तासांचे प्रयोग करू नयेत. बाकीच्यांनी जेवणाच्या वेळा बदलल्या तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून पाहावा, कारण बदलाचा परिणाम त्याआधी आकड्यात उतरत नाही. तपासणीच्या सकाळी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येतो. घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, नाशिक तासाभराच्या अंतरावर आहे, तेव्हा तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही. जाताना डॉक्टरांना एवढे जरूर सांगा की महिन्यात उपास किती, त्या दिवशी गोळी किती वाजता घेता आणि घरात मीठ कोणते आहे. डोस ठरवायला त्यांना नेमके हेच लागते.