जपानी मजकूर, जावा आणि रूपविश्लेषण

रूपविश्लेषण

वाक्यातील शब्द सुटे करून प्रत्येकाचे मूळ रूप आणि शब्दजात ठरवणे म्हणजे रूपविश्लेषण. जपानी लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. त्यामुळे शोध असो वा वर्गीकरण, सुरुवात बहुधा येथूनच होते. जावामध्ये या कामासाठी कुरोमोजी हे साधन रुळलेले आहे. ॲटिलिका या कंपनीने ते घडवले आणि २०१२ मध्ये ३.६ आवृत्तीपासून ते अपाची ल्यूसीन या शोध-लायब्ररीत दाखल झाले.

कार्यपद्धती

तोक्यो महानगराचे नाव तीन कांजी चिन्हांत लिहितात. पहिली दोन एकत्र घेतली की ‘तोक्यो’ होते आणि तिसरे ‘महानगर’ दर्शवते. पहिले चिन्ह वेगळे काढले, तर ते ‘पूर्व’ ठरते आणि उरलेली दोन मिळून ‘क्योतो’ हे निराळेच शहर तयार होते. कोशाच्या दृष्टीने दोन्ही विच्छेद वैध आहेत. कुरोमोजी अशा सर्व शक्यतांचे जाळे मांडतो. प्रत्येक शब्दाला एक किंमत असते, तशीच दोन शब्दप्रकारांच्या शेजारालाही. प्रचलित शब्द आणि स्वाभाविक जोड्या स्वस्त. सर्वांत कमी बेरजेचा मार्ग व्हिटर्बी अल्गोरिदम शोधतो. त्यासाठी प्रत्येक मार्ग स्वतंत्रपणे तपासावा लागत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर तिथवर पोहोचणारा सर्वांत स्वस्त मार्ग तेवढा राखला जातो. या किमती कोणी अंदाजाने ठरवलेल्या नाहीत. आधीच विश्लेषण करून ठेवलेल्या मजकुरावरून त्या सांख्यिकी पद्धतीने काढल्या आहेत.

शोधातील उपयोग

‘कान्साई कोकुसाई कूको’ म्हणजे कान्साई आंतरराष्ट्रीय विमानतळ. कोशात हे एकच पद आहे, पण केवळ ‘कूको’ शोधणाऱ्यालाही ते सापडायला हवे. म्हणून शोध-पद्धतीत कुरोमोजी लांब सामासिक पदावर जादा किंमत लादतो आणि त्याचे घटक सुटे करतो. पुढचे फिल्टर ‘ताबेता’ (खाल्ले) हे रूप ‘ताबेरु’ या मूळ क्रियापदावर आणतात आणि विभक्तीदर्शक अव्यये गाळतात. साठवणीच्या वेळी लावलेली हीच साखळी प्रश्नावरही लावावी लागते. दोन्हीकडे वेगळे तुकडे पडले, तर मजकूर असूनही हाती काही लागत नाही.

कोशाची मर्यादा

ल्यूसीनमधील कुरोमोजी २००७ च्या आयपाडिक कोशावर उभा राहिला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेइवा’ या राजकालाचे नाव त्या कोशात असणे शक्यच नव्हते. अशा नावांसाठी प्रकल्पाचा स्वतंत्र शब्दकोश जोडता येतो. मात्र मजकूर सतत नवा येत असेल, तर वेळोवेळी अद्ययावत होणारा कोश असलेले सुदाची हे दुसरे जावा साधन अधिक सोयीचे. त्यात लहान, मध्यम आणि मोठे असे तीन प्रकारचे तुकडे मिळतात. साधन निवडताना वेगाच्या तुलनेवर बरीच चर्चा होते. प्रत्यक्षात निकालाचा दर्जा अधिक अवलंबून असतो तो कोशावर.

मराठीशी संबंध

मराठीत शब्द सुटे लिहिले जातात, पण ‘घरासमोरच्या’ या एका शब्दात नाम, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि षष्ठीचा प्रत्यय सामावलेले असतात. ‘पाण्यात’ या रूपातून नुसता ‘त’ काढून ‘पाणी’ मिळत नाही. सामान्यरूपाचे नियम किंवा कोश लागतोच.

अंमलबजावणी

कोश स्मृतीत चढवायला वेळ लागतो. विश्लेषक एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरणे श्रेयस्कर. कोशात शब्द वाढवला की त्याचा परिणाम फक्त नव्या मजकुरावर होतो. आधीचे दस्तऐवज जुन्याच तुकड्यांत साठलेले असल्याने त्यांचा निर्देशांक नव्याने बांधावा लागतो.