जुनं घर घेताय? इसाराआधी छतावर चढा

खाली दुकान, वर राहायचं, म्हणून जुन्नर-मंचरकडे जुनं घर शोधणारे बरेच जण विचारतात. रस्ता, बाजार, पार्किंग सगळं बघतात. वर कोणी चढत नाही. छत गळालं की आधी भिजतो तो माल, म्हणजे तुमचं भांडवल.

छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला, तर शंका घ्या. स्लॅब खालून ठोका. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजलेली असू शकते. स्लॅब धड वाटला, तर पाण्याचा पाईप बंद करून वर इंचभर पाणी 24 तास कोंडून ठेवा. मालक कुरकुरेल, कुरकुरू द्या. कौलारू घरात कौलं बदलता येतात, खरा खर्च वाशांचा. वाळवीसाठी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पत्र्याखाली दारं-खिडक्या लावा, भोकं आपोआप दिसतील.

आहुपे-भीमाशंकरकडचा पाऊस मंचरपेक्षा कितीतरी जास्त. मंचरात निभावलेलं छत तिकडे टिकेलच असं नाही.

कायद्याचंही ऐका. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 म्हणतं, माहीत असलेला मोठा छुपा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण साध्या तपासणीत दिसला असता असा दोष यात येत नाही. म्हणून गवंड्याकडून दुरुस्तीचा खर्च लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच भावाला बसा.