थोरल्या भावाची गोळी धाकट्याला चालेल?

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. अशा लहान गावी लग्नकार्यासाठी गेल्यावर रक्तदाबाची गोळी घरी विसरल्याचे ध्यानात येते आणि थोरल्या भावाच्या डबीतील गोळी घेतली जाते. आजार एक, रक्त एक, मग गोळी एक का नको? हा हिशेब वरवर बरोबर दिसतो.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि आपल्या रानातील या मुळीकडे जगाचे लक्ष गेले. पुढे तिच्यापासून काढलेले रेसर्पिन देशोदेशी दिले जाऊ लागले. कोणाचा दाब सुखाने उतरे, कोणाचे नाक चोंदे, कोणाला उदासी घेरी. औषध एकच असता असे का, हे तेव्हा उमगले नव्हते.

उत्तराचा एक धागा लंडनमध्ये हाती लागला. १९७५ च्या सुमारास प्राध्यापक रॉबर्ट स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेब्रिसोक्विन ही रक्तदाबाची गोळी प्रयोगासाठी स्वतः घेतली. सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथ यांचा दाब मात्र ७०/५० पर्यंत घसरला. यकृतातील जे एन्झाइम ते औषध मोडते, ते त्यांच्या शरीरात जन्मतःच निकामी होते. या एन्झाइमला आज सीवायपी२डी६ म्हणतात.

डेब्रिसोक्विन मागे पडले, पण आपल्याकडे सर्रास दिले जाणारे मेटोप्रोलॉल याच एन्झाइमने मोडते. ते दुबळे असल्यास औषध रक्तात साचते. नाडी मंदावते, थकवा येतो. युरोपीय वंशाच्या लोकांत असे शंभरात पाच ते दहा जण आढळतात, भारतीयांत प्रमाण कमी आहे. आई व वडील या दोघांकडून जनुकाची एकेक निकामी प्रत आली तरच हे घडते. दोघांकडे तशी एकेक प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला हा वारसा मिळण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे सख्खे भाऊही या बाबतीत निराळे असू शकतात.

एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी येणाऱ्या कोरड्या खोकल्याची गोष्ट इतकी सरळ नाही. या गोळ्या ज्या एन्झाइमला रोखतात, तेच ब्रॅडिकायनिन या द्रव्याचाही निचरा करते. ते साचले की घसा खवखवतो. चिनी लोकांत हा खोकला युरोपीयांहून अधिक दिसतो, परंतु त्याला एकच जनुक जबाबदार धरता येत नाही. घरोघर मात्र महिनोन्महिने काढे आणि सिरप चालू राहतात, गोळीवर संशय जात नाही! डॉक्टरांना सांगितल्यास ते टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देऊ शकतात. आपल्या मनाने औषध थांबवणे धोक्याचे, मेटोप्रोलॉल एकाएकी बंद करणे तर फारच.

जनुकतपासणी प्रत्येकाला लागत नाही; थोड्या मात्रेपासून आरंभ करून डॉक्टर अंदाज घेतात. त्यांना उपयोगी पडते ती घरची नोंद. देणेघेणे पैपर्यंत लिहिणाऱ्या घरांत ही नोंद सहसा नसते. वहीचे एक पान पुरते: कोणाला, कोणती गोळी, किती मात्रेत, केव्हा सुरू झाली आणि त्रास कितव्या दिवशी झाला.