सूर्याच्या गालावरचा तीळ

मित्रांनो, सूर्याच्या गालावर तीळ असतो, हे ठाऊक आहे का तुम्हाला? असतो बरं का! पण तो रोज दिसत नाही. शंभर वर्षांत तेरा-चौदा वेळाच बुध हा ग्रह आपल्या आणि सूर्याच्या बरोब्बर मधून जातो. तेव्हा सूर्याच्या तबकडीवरून एक काळाभोर, वाटोळा ठिपका हळूहळू सरकताना दिसतो. यालाच म्हणतात अधिक्रमण. शुक्राचंही अधिक्रमण होतं, पण ते फारच दुर्मीळ. २००४ आणि २०१२ साली ते झालं, आता पुढचं थेट डिसेंबर २११७ मध्ये! तेव्हा आपली सगळी भिस्त बुधावरच.

तुम्ही म्हणाल, बुध तर साधारण दर चार महिन्यांनी आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येतो. मग दर वेळी अधिक्रमण का होत नाही? कारण त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सात अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा स्वारी सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जाते. रेषा जुळते ती फक्त मे किंवा नोव्हेंबरमध्ये, आणि तीही कधीमधी.

पुढची तारीख वहीत लिहून ठेवा : १३ नोव्हेंबर २०३२, शनिवार. दुपारी बारानंतर थोड्याच वेळात बुध सूर्यावर शिरेल आणि साडेचारच्या सुमारास बाहेर पडेल. म्हणजे सगळा खेळ भारतातून दिसणार! त्याचा फोटो तुम्ही स्वतः काढू शकता. त्यासाठी वेधशाळा नको, पण तयारी हवी.

आधी डोळे, मग फोटो

भिंगानं उन्हात कागद जाळून पाहिलाय ना? कॅमेऱ्यात आणि दुर्बिणीतही भिंगच असतं. उघड्या दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं, तर कागदाच्या जागी आपला डोळा येतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना समजतच नाही. म्हणून हे नियम पक्के पाठ करा.

सूर्यासाठी खास बनवलेली फिल्टरची फिल्म मिळते. ती प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भाग तेवढा आत सोडते. ती नेहमी भिंगाच्या पुढे, म्हणजे सूर्याच्या बाजूला लावायची. डोळ्याजवळ कधीच नाही! वाऱ्यानं उडणार नाही अशी चिकटपट्टीनं घट्ट बसवा. तिला भोक किंवा चरा असेल, तर ती सरळ फेकून द्या. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, रंगीत गॉगल यांतलं काहीही चालत नाही. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून पाहणं तर मुळीच नाही. आणि घरातलं मोठं माणूस किंवा शिक्षक सोबत हवेतच.

ठिपका केवढा?

आता थोडं गणित. भिंगाच्या नाभीय अंतराला ११० नं भागलं, की कॅमेऱ्यातल्या सूर्याच्या प्रतिमेचा आकार मिळतो. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगानं सूर्य अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ५०० च्या भिंगानं साडेचार मिलिमीटर, १००० च्या भिंगानं नऊ. आणि नोव्हेंबरच्या अधिक्रमणात बुध असतो सूर्याच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा! म्हणून लांब भिंग हवं, किंवा छोट्या दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा.

कॅमेरा तिपाईवर ठेवा, बटण दाबताना हात लागून हलू नये म्हणून टायमर लावा. सूर्याच्या कडेवर फोकस करा. मग सेकंदाच्या १२५ व्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत वेगवेगळ्या वेळा देऊन फोटो काढा. त्यांतला एक तरी चांगला निघतोच.

कॅमेराच नसेल तर?

तरी हिरमुसू नका. छोटी दुर्बीण तिपाईवर ठेवून तिच्या मागे फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरा. दुर्बिणीत डोकवायचं नाही, फक्त तिची सावली पुठ्ठ्यावर लहानात लहान होईल अशी ती फिरवायची. सूर्याचं गोल चित्र पुठ्ठ्यावर उमटेल. त्याचा फोटो साध्या मोबाइलनंही निघतो. दुर्बीण तापू नये म्हणून मधूनमधून तिचं तोंड झाका.

ही युक्ती फार जुनी आहे. १६३१ साली पॅरिसमध्ये पिएर गासेंदी यानं असंच सूर्याचं चित्र पाडून बुधाचं अधिक्रमण पाहिलं. ठिपका इतका चिमुकला होता, की आधी त्याला तो सौरडागच वाटला! पुढे १६५१ मध्ये जेरेमी शेकर्ली या इंग्रजानं बुधाचं अधिक्रमण पाहिलं, ते चक्क आपल्या शेजारच्या सुरतेहून. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीच्या बारा वर्षं आधी!

गासेंदीसारखी गफलत तुमची होऊ नये म्हणून खूण सांगतो. सौरडागाची कड वेडीवाकडी असते, भोवती करडी झालर असते आणि तासाभरात तो जागचा हललेला दिसत नाही. बुध मात्र काळा कुळकुळीत, रेखीव गोल आणि चालता!

ढगांचं काय?

ल जांतिल या फ्रेंच ज्योतिर्विदाची गोष्ट ऐका. १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण पाहायला तो पाँडिचेरीला निघाला. पण वाटेतच कळलं, की गाव इंग्रजांनी घेतलंय. हलत्या जहाजावरून नीट मोजमाप झालं नाही. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं इकडेच थांबला. १७६९ मध्ये पाँडिचेरीत सगळी जय्यत तयारी झाली, आणि ऐन वेळी आभाळ भरून आलं! परत घरी गेला, तर लोकांनी त्याला मेलेला समजून मालमत्ताही वाटून घेतलेली.

ढग आपल्या हाती नाहीत, सराव मात्र आहे. सौरडाग पुष्कळदा असतातच. वर सांगितलेली काळजी घेऊन त्यांचे फोटो काढायला लागा. प्रत्येक फोटोची तारीख, वेळ आणि किती प्रकाश दिला ते वहीत नोंदवा. रोज एकाच वेळी फोटो काढलेत, तर डाग सूर्याबरोबर सरकताना दिसतील. म्हणजे सूर्य स्वतःभोवती फिरतो, याचा पुरावा तुमच्याच वहीत!

ही वही जपून ठेवा. २०३२ साली बुध सूर्यावर शिरेल, तेव्हा किती प्रकाश द्यायचा, हे विचारायला तुम्हाला कुणाकडे जावं लागणार नाही. मग, कधी सुरुवात करताय?