पुनः शाळेंत : मुलांचें मन आणि आपलें काम

शाळेचें दार उघडण्यास एक किल्ली पुरते. मुलाचें मन उघडण्यास पुष्कळ दिवस लागतात. हें आम्ही लॉकडाऊननंतरच्या शाळेंत शिकलों. २०२० सालीं पहिली-दुसरींत असलेलीं मुलें आतां हायस्कुलाच्या वर्गांत येऊन बसलीं आहेत. म्हणून त्या काळाचा हिशेब पालकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम घडलें काय तें पाहूं. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. २३ नोव्हेंबर २०२० पासून ९ वी ते १२ वीचे व २७ जानेवारी २०२१ पासून ५ वी ते ८ वीचे वर्ग भरविण्यास सरकारनें परवानगी दिली. परंतु फेब्रुवारींत यवतमाळ व अमरावती या जिल्ह्यांत रोगानें पुनः उचल खाल्ली आणि वर्ग बंद झाले. पुढें ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं शाळा उघडल्या, १ डिसेंबरास खेड्यांतील लहानग्यांची पाळी आली, तोंच जानेवारी २०२२ मध्यें दारें पुनः लागलीं. सारांश, मूल शाळेंत एकदां परतलें नाहीं. तें येत राहिलें व परत पाठविलें जात राहिलें. शाळा आज आहे ती उद्यां असेल, हा त्याचा भरंवसा उडाला. अभ्यास बुडाला ही हानि सर्वांस दिसली; भरंवसा बुडाला ही थोड्यांस दिसली.

येथें आमची एक चूक सांगणें योग्य होईल. ऑक्टोबरांत वर्ग भरतांच आम्हीं पहिल्याच दिवशीं वाचनाची व पाढ्यांची परीक्षा घेतली. आठवीच्या एका हुशार मुलानें कोरा कागद पुढें ठेविला. आम्ही रागें भरलों. तो कांहीं बोलला नाहीं, आणि दुसऱ्या दिवसापासून यावयाचा थांबला. चौकशी करितां कळलें कीं, त्याचे वडील एप्रिलांत गेले होते व मुलगा आईबरोबर कापूस वेंचावयास जात होता. आम्ही त्याच्या घरीं गेलों. शाळेची गोष्ट न काढितां आंगणांत बसलों, आणि त्याच्या बाबांविषयीं विचारलें. पुष्कळ वेळानें तो बोलूं लागला. आठवड्यानें तो आला. त्यास आम्हीं घंटा वाजविण्याचें काम दिलें. पाढे मागाहून आपोआप आले.

याचें कारण असें कीं, काळजीनें भरलेल्या मनास लक्ष देण्याची शक्ति फारशी उरत नाहीं. भीति व दुःख हीं तेथें आधींच बसलेलीं असतात. गणितास जागा कोठून मिळणार? लहान मूल तें शब्दांनीं सांगत नाहीं. सकाळीं पोट दुखतें, डोकें दुखतें, झोंप लागत नाहीं, क्षुल्लक कारणानें राग येतो, किंवा बोलकें मूल एकाएकीं गप्प होतें. यास ढोंग अगर आळस म्हणूं नये.

मग करावें काय? पहिलें, रोजचा क्रम ठरलेला असावा. घंटा, प्रार्थना, खेळ, जेवण हीं त्याच वेळीं झालीं म्हणजे मुलास धीर येतो. दुसरें, मूल जेथें आहे तेथून शिकवावें. १ जुलै २०२१ पासून राज्यांत ४५ दिवसांचा सेतू अभ्यास याच हेतूनें ठेविला होता. लिहिण्याचा सराव मोडला हें परीक्षा मंडळानेंही जाणलें, व मार्च २०२२ च्या दहावीच्या मोठ्या पेपरांस अर्धा तास अधिक दिला. मंडळ थांबलें, तर वर्गांत आपणही थांबावें. तिसरें, कोलामी, गोंडी अगर बंजारा बोली घरीं बोलणाऱ्या मुलांची मराठी त्या काळांत मागें पडली. त्यांस हंसूं नये, दुसऱ्यांस हंसूं देऊं नये. चौथें, मृत्यूविषयीं मुलाशीं खोटें बोलूं नये. 'बाबा गांवाला गेले' असें सांगितलेलें मूल वाट पाहत राहतें.

पांचवें, केवळ गोड बोलून भागत नाहीं. ज्यांचें आईबाप दोघेही कोविडनें गेले, त्यांच्या नांवें ५ लक्ष रुपये ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य सरकारनें जून २०२१ मध्यें घेतला. एक पालक गमावलेल्या मुलांस बालसंगोपन योजनेचा आधार आहे. अशीं कागदपत्रें जुळविण्यास विधवा आईस शिक्षकाचें साह्य लागतें. तेंही शिक्षणाचेंच काम होय.

वरील लक्षणें दोन आठवड्यांहून अधिक टिकलीं, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. यवतमाळास श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६ हा टेलिमानसचा, व संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे; दोहोंसही पैसे पडत नाहींत.

तो घंटा वाजविणारा मुलगा दहावी होऊन पुढें गेला. आजही वर्गांत एखादें मूल कोरा कागद पुढें ठेवितें, तेव्हां आम्ही गुण मांडण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन येतों. पालकहो, आपल्या घरीं काय घडलें तें आम्हांस सांगत जा. आम्ही आंगणांत बसावयास तयार आहों.